ड्युएथलॉनसाठी गार्मिन फोररनर २५५: चार वेळा लॅप, एकदा स्टॉप

गार्मिनचे फोररनर २५५ जून २०२२ मध्ये आले. त्यानंतर २६५ आले, २०२५ मध्ये ५७० आले, आणि दुकानदार आता तीच पुढे करतात. तरीही ड्युएथलॉन, म्हणजे धाव, सायकल आणि पुन्हा धाव अशी शर्यत करणाऱ्या हौशी खेळाडूने घड्याळ निवडताना २५५ आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. ड्युएथलॉनला लागते ते सगळे यात आहे, आणि जे नाही त्यावाचून शर्यतीत काही अडत नाही. मात्र डब्यातून काढले, मनगटावर बांधले आणि थेट शर्यतीला उभे राहिले, तर त्याचा निम्मासुद्धा उपयोग होत नाही. त्याची मांडणी आधी घरी करावी लागते आणि त्याचे एक बटण हाताच्या सवयीचे व्हावे लागते.

आकार दोन आहेत. २५५ चा व्यास सुमारे ४६ मिलिमीटर आणि वजन ४९ ग्रॅम. २५५ एस ४१ मिलिमीटरचे, ३९ ग्रॅमचे. बारीक मनगटावर मोठे घड्याळ धावताना सरकते, आणि सरकले की मागचा प्रकाशाचा सेन्सर हृदयाचे ठोके चुकीचे वाचतो. त्यामुळे आकार मनगट पाहूनच घ्यावा, पडदा मोठा दिसतो म्हणून नव्हे. दोन्ही आकारांत गाणी साठवणारी ‘म्युझिक’ आवृत्तीही मिळते. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांनुसार शर्यतीत कानाला हेडफोन लावता येत नाहीत, आणि आपल्याकडच्या बहुतेक आयोजकांचा नियमही तोच असतो. सरावाचे रस्ते पाहता तिथेही कान मोकळे असलेलेच बरे. म्युझिकसाठी जास्तीचे पैसे देण्यापेक्षा ते ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यासाठी राखून ठेवा. तो का लागतो ते पुढे येईलच.

बॅटरीची चिंता या खेळात करू नये. साध्या जीपीएसवर २५५ सुमारे ३० तास चालते आणि सर्वात अचूक, दोन फ्रीक्वेन्सींच्या मल्टिबँडवर सुमारे १६ तास. प्रमाणित ड्युएथलॉन १० किलोमीटर धाव, ४० सायकल, ५ धाव अशी असते आणि स्प्रिंट ५–२०–२.५ अशी. पॉवरमन मालिकेतली नेहमीची शर्यत १०–६०–१० ची. स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेनची १०–१५०–३० ही या खेळातली सर्वात कठोर मानली जाणारी शर्यत घेतली आणि तिला दहा तास लागले असे धरले, तरी मल्टिबँडवर घड्याळ शेवटपर्यंत टिकते. म्हणून शर्यतीत बॅटरी वाचवायच्या नादात जीपीएसची अचूकता कमी करायचे कारणच नाही.

आता खरे कारण. ड्युएथलॉनसाठी घड्याळ घेताना ‘मल्टिस्पोर्ट’ आहे का हे सर्वात आधी तपासावे लागते, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. फोररनर ५५ मध्ये ते नाही. २४५ मध्येही नाही. ते घड्याळ वापरलेले आणि स्वस्तात मिळते, दिसायलाही २५५ सारखेच, त्यामुळे विकत घेतल्यावर कळते की धाव संपवून नोंद जतन करायची, मग सायकलची नवी नोंद सुरू करायची, ती संपवून तिसरी सुरू करायची. धापा टाकत, घामट बोटांनी, हेल्मेट घालता घालता हे होत नाही. २५५ मध्ये तिन्ही टप्पे आणि मधली दोन ट्रान्झिशन, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जातानाचे टप्पे, एकाच नोंदीत बसतात. शिवाय सायकलचा पॉवर मीटर (पेडलवर लावलेली ताकद मोजणारा सेन्सर) २४५ ला जोडता येत नाही, २५५ ला येतो. उंची मोजायला हवेच्या दाबाचा सेन्सरही यात आहे. पुण्याजवळच्या बोपदेव किंवा सिंहगडाच्या चढावर सराव करणाऱ्याला त्याचा उपयोग कळेल, कारण नुसत्या जीपीएसवरून काढलेली उंची आणि चढ दोन्ही भलतेच निघतात.

दुसरे कारण बटणांचे. याला स्पर्शाचा पडदा नाही; पाच बटणे आहेत. डावीकडे वरून लाइट, अप आणि डाउन. उजवीकडे वर स्टार्ट-स्टॉप आणि खाली बॅक, जे नोंद चालू असताना लॅपचे काम करते. घाम, पाऊस, सनस्क्रीनचा थर, सायकलचे हातमोजे यांतले काहीही बटणाला आड येत नाही. पडदा परावर्तक प्रकारचा आहे, म्हणजे ऊन जितके कडक तितका तो स्पष्ट वाचता येतो, आणि मनगट न फिरवताही सतत दिसत राहतो. सायकलच्या हँडलवर हात असताना मनगट झटकून पडदा जागा करायची गरज पडत नाही. घरातल्या मंद उजेडात तो फिकट वाटतो आणि दुकानात शेजारच्या २६५ च्या झळाळत्या पडद्यापुढे तर अगदीच साधा. पण ही तुलना दुकानात करूच नये. घड्याळ हातात घेऊन बाहेर उन्हात जावे.

मांडणी अशी करायची. घड्याळाच्या मुख्य पडद्यावर स्टार्ट दाबा, खेळांच्या यादीत खाली जाऊन ‘ॲड’ आणि मग ‘मल्टिस्पोर्ट’ निवडा. त्याला ड्युएथलॉन असे नाव द्या, रन, बाइक, रन या क्रमाने तीन खेळ घाला, ट्रान्झिशन चालू ठेवा आणि ‘डन’ करून आवडत्या यादीत जोडा. दोन मिनिटांचे काम आहे. यानंतरची पायरी मात्र जवळजवळ सगळे विसरतात: मल्टिस्पोर्टमधल्या धावेच्या आणि सायकलच्या सेटिंग्ज वेगळ्या असतात. तुम्ही रोजच्या ‘रन’मध्ये मन लावून बसवलेले पडदे, ऑटो लॅप, इशारे यांतले काही आपोआप इथे येत नाही. शर्यतीच्या दिवशी पहिल्या किलोमीटरला अनोळखी आकडे समोर येतात ते यामुळे. ड्युएथलॉनच्या नोंदीत जाऊन मेनूचे, म्हणजे अपचे, बटण दाबून धरा आणि प्रत्येक खेळाच्या सेटिंग्ज एकेक करून लावा.

ऑटो पॉझ सगळीकडे बंद ठेवा. वळणावर किंवा पाण्याच्या टेबलाशी वेग मंदावला की घड्याळ थांबते आणि तुमची वेळ अधिकृत वेळेपेक्षा कमी दिसू लागते. मग उरलेल्या अंतराचे गणित चुकते. ऑटो लॅप धावेला १ किलोमीटरवर आणि सायकलला ५ किलोमीटरवर ठेवा. आणखी एक बारीक पण मोलाची सेटिंग म्हणजे पॉवर सेव्हची मुदत. जीपीएस मिळवून तुम्ही सुरुवातीच्या रेषेमागे उभे आहात, पाहुण्यांची भाषणे लांबली आहेत, आणि घड्याळ पाच मिनिटांनी स्वतःहून साध्या वेळेच्या पडद्यावर परतते. भोंगा वाजल्यावर लोक स्टार्ट दाबतात, तेव्हा नोंद सुरू न होता खेळांची यादी उघडते. ही मुदत ‘नॉर्मल’वरून ‘एक्स्टेंडेड’ केली की घड्याळ २५ मिनिटे तयार राहते.

शर्यतीतला क्रम पाठ करून ठेवावा. स्टार्टला पहिली धाव सुरू. लॅप दाबला की पहिले ट्रान्झिशन, दुसऱ्या लॅपला सायकल, तिसऱ्याला दुसरे ट्रान्झिशन, चौथ्याला दुसरी धाव, आणि अंतिम रेषेवर स्टॉप. म्हणजे चार वेळा लॅप, एकदा स्टॉप. ट्रान्झिशन बंद ठेवली तर लॅप दोनदाच दाबावा लागतो, आणि नवखे लोक या सोपेपणासाठी ती बंद करतात. तसे करू नये. ट्रान्झिशनच्या जागेतले धावणे, बूट बदलणे आणि सायकल ढकलत चढण्याच्या रेषेपर्यंत नेणे हे सगळे मग सायकलच्या वेळेत मिसळते, सरासरी वेग खाली येतो आणि सायकल खरोखर कशी झाली ते कळायचा मार्ग राहत नाही. ड्युएथलॉनमध्ये पहिल्या ट्रान्झिशनला धावण्याचे बूट काढून सायकलचे घालायचे असतात आणि दुसऱ्यात पुन्हा उलटे. नाडीऐवजी ताणाची इलॅस्टिक लेस लावली तर यातले बरेच सेकंद वाचतात. किती वाचले हे दाखवणारा आकडा घड्याळच देते, पण ट्रान्झिशन वेगळे नोंदले असेल तरच.

लॅप नेमका कुठे दाबायचा? पहिली धाव संपवून ट्रान्झिशनच्या तोंडाशी वेळ नोंदणाऱ्या चिपची चटई ओलांडताना पहिला. दुसऱ्यात गडबड होते. नियमाप्रमाणे सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलेला असावा लागतो, आणि सायकल ट्रान्झिशनमधून ढकलतच न्यायची असते; चढण्याच्या रेषेपलीकडे गेल्यावरच स्वार व्हायचे. बहुतेक लोक सायकलच्या डाव्या बाजूने पळतात, उजवा हात खोगिराला, घड्याळ डाव्या मनगटावर. लॅपचे बटण दाबायला उजवा हात मोकळा नसतो. खोगीर सोडून बटण शोधू गेले की सायकल कलंडते किंवा शेजारच्याला धडकते. म्हणून दुसरा लॅप स्वार झाल्यावर, दोन्ही पाय पेडलवर बसून सायकल सरळ चालू लागली की मगच दाबावा. दहा-वीस सेकंद इकडचे तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. अधिकृत वेळ तुमच्या घोट्यावरची चिप ठरवते. तिसरा लॅप सायकलवरून उतरल्यावर, हेही त्याच कारणाने. चौथा ट्रान्झिशनच्या बाहेरच्या चटईवर, चालत्या पायांनी.

सर्वात जास्त वेळा विसरला जातो तो दुसरा. मग अख्खी सायकल ट्रान्झिशन म्हणून नोंदली जाते. पंधरा-वीस किलोमीटरवर लक्षात आले तर तिथेच दाबा आणि पुढे चला. निदान उरलेला टप्पा आणि दुसरी धाव नीट मिळते. मात्र दोन ट्रान्झिशनमधला घोळ सुधारण्यासाठी लागोपाठ दाबत सुटू नका, कारण एक दाब जास्त झाला की घड्याळ दुसऱ्या ट्रान्झिशनमध्ये जाते, आणि आणखी एक झाला की सायकलवर असताना धावेचा पेस (किलोमीटरला लागणारी मिनिटे) दाखवू लागते. दाबल्यावर घड्याळ थरथरते आणि पडद्यावर नव्या खेळाचे नाव येते. ते वाचल्याशिवाय नजर हलवायची नाही, अशी शिस्त सरावातच लावून घ्यावी.

लॅप बटण खेळ बदलण्यासाठी गुंतल्याचा आणखी एक परिणाम आहे. साध्या धावेत किलोमीटरच्या पाटीपाशी हाताने लॅप घेता येतो; मल्टिस्पोर्टमध्ये येत नाही. जीपीएसवरचा ऑटो लॅप आणि आयोजकांच्या पाट्या मात्र जुळत नाहीत. मार्ग मोजताना वळणे आतल्या कडेने, सर्वात कमी अंतराने मोजतात, आणि आपण लोकांना वळसा घालत धावतो. त्यात यू-टर्नवर जीपीएस थोडे गोल काढते. १० किलोमीटरच्या मार्गावर घड्याळ १०.१ किंवा १०.१५ दाखवते ते यामुळे, आणि त्यासाठी घड्याळालाही दोष देऊ नये आणि आयोजकांनाही. उपाय सोपा: पडद्यावर त्या टप्प्याची चालू वेळ ठेवा. ५:१० चा पेस धरायचा असेल तर ५ च्या पाटीवर २५:५० दिसायला हवेत. एवढे एक गणित डोक्यात असले की ऑटो लॅपचा आकडा दुय्यम होतो.

पडद्यांवर काय ठेवावे याबाबत माझी मते पक्की आहेत. प्रत्येक पडद्यावर तीन किंवा फार तर चार आकडे. पहिल्या धावेसाठी लॅपचा सरासरी पेस, हृदयाचे ठोके आणि त्या टप्प्याची वेळ. क्षणाक्षणाचा पेस नको. झाडाखाली, उंच इमारतींजवळ, वळणावर तो विनाकारण उड्या मारतो आणि माणूस त्याच्यामागे धावतो. ड्युएथलॉन हरली जाते ती बहुतेक वेळा पहिल्या तीन किलोमीटरमध्ये. पाय ताजे असतात, आजूबाजूला नुसते धावणारेच सुसाट सुटलेले असतात, आणि पुढे ४० किलोमीटर सायकल आहे हे कोणाला आठवत नाही. ज्याची १० किलोमीटरची ताजी वेळ ५० मिनिटे आहे, म्हणजे ५:०० चा पेस, त्याने १०–४०–५ च्या पहिल्या धावेत ५:१० ते ५:१५ च्या आत जाऊ नये. सुरुवातीला पेसवर विसंबावे, कारण उत्साहाने आणि गर्दीने ठोक्यांचा आकडा भरवशाचा नसतो. तिसऱ्या किलोमीटरनंतर ठोक्यांकडे पाहावे.

सायकलच्या पडद्यावर पॉवर मीटर असल्यास ३ सेकंदांची सरासरी पॉवर, लॅपची सरासरी पॉवर, ठोके आणि अंतर. हौशी खेळाडूने १०–४०–५ मध्ये सायकल एफटीपीच्या, म्हणजे सुमारे तासभर टिकवता येईल अशा कमाल पॉवरच्या, ८५ ते ९० टक्क्यांत ठेवावी. एफटीपी काढायची तर २० मिनिटांच्या पूर्ण जोराच्या चाचणीतल्या सरासरी पॉवरला ०.९५ ने गुणावे. चढावर पॉवर आकाशाला भिडते आणि उतारावर माणूस पाय सोडून देतो. हा चढउतार जितका कमी तितकी दुसरी धाव जिवंत राहते. पॉवर मीटर नसेल तर ठोके आणि श्वास. वेग पाहून जोर ठरवू नका. समोरून वारा असताना वेगाचा आकडा राखायला जाणे म्हणजे दुसरी धाव गहाण ठेवणे.

दुसऱ्या धावेसाठी धावेतच वेगळा पडदा करा: लॅपचा सरासरी पेस, पावलांची संख्या आणि सगळे टप्पे व ट्रान्झिशन धरून झालेली एकूण वेळ. सायकलवरून उतरल्यावर पहिल्या किलोमीटरमध्ये वेगाचा अंदाज शरीराला लागत नाही. पाय लाकडासारखे वाटतात, पण तासाला तीस किलोमीटरची सवय झालेल्या डोळ्यांना धावणे संथ वाटून माणूस नकळत जोर लावतो. पहिले तीन-चारशे मीटर लॅपचा पेस स्थिर होत नाही, तोवर पावलांची संख्या पाहावी. तुमची नेहमीची मिनिटाला १७२ असेल तर तिच्या आसपास लहान पावले टाकत राहावे. पेस मग आपोआप जागेवर येतो.

आता या घड्याळाची खरी उणीव. मनगटावरून मोजलेले ठोके धावताना चालतात, सायकलवर चालत नाहीत. हँडल घट्ट पकडले की मनगट वाकते, तिथला रक्तप्रवाह बदलतो, खडबडीत रस्त्याची थरथर सेन्सरपर्यंत पोचते आणि आकडा २०–३० ने खाली राहतो किंवा अडकून पडतो. धावेतही एक फसवणूक होते: पट्टा सैल असेल तर सेन्सर ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतो आणि सुरुवातीपासून १७० ते १८० दाखवतो. ठोके आणि पावले एकच आकडा दाखवू लागली तर ठोके खोटे आहेत असे समजावे. ही २५५ ची एकट्याची खोड नाही, मनगटावरच्या सगळ्याच सेन्सरांची आहे. त्यावर छातीचा पट्टा हाच उपाय. गार्मिनचा एचआरएम-ड्युअल किंवा पोलार एच१० दोन्ही यावर चालतात. पहिल्याला सीआर२०३२ सेल लागतो, दुसऱ्याला सीआर२०२५. बांधण्याआधी इलेक्ट्रोड पाण्याने ओले करा, नाहीतर घाम येईपर्यंतची पहिली पाच-दहा मिनिटे आकडे वेडेवाकडे येतात. सराव झाला की सेन्सरची डबी पट्ट्यापासून सोडवून ठेवा आणि पट्टा साध्या पाण्यात खळबळून वाळवा. डबी लावलेला ओला पट्टा पिशवीत पडून राहिला की सेल संपतो आणि पट्ट्याच्या टिचबटणांवर गंज चढतो.

पट्टा घेतल्यावर धाव आणि सायकल यांचे हार्ट रेट झोन, म्हणजे जोरानुसार पाडलेले ठोक्यांचे टप्पे, वेगवेगळे भरा. घड्याळात खेळागणिक झोन ठेवायची सोय आहे आणि ड्युएथलॉनला ती अत्यावश्यक आहे. बहुतेकांचे थ्रेशोल्डचे (सुमारे तासभर टिकेल अशा कमाल जोराचे) ठोके सायकलवर धावेपेक्षा पाच ते दहाने कमी असतात, कारण सायकलवर शरीराचे वजन खोगीर पेलते आणि कमी स्नायू कामाला लागतात. धावेचे झोन सायकलला लावले की सायकल आरामात चालली आहे असे घड्याळ सांगत राहते आणि प्रत्यक्षात तुम्ही जास्त खर्च करत असता. धावेसाठी ३० मिनिटांची एकट्याने केलेली पूर्ण जोराची धाव घ्या आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी थ्रेशोल्ड म्हणून भरा. सायकलसाठी तीच चाचणी वेगळ्या दिवशी, ताज्या पायांनी.

सायकलचे सेन्सर घरीच जोडून घ्यावेत, शर्यतीच्या ठिकाणी कधीही नाही. ट्रान्झिशनमध्ये शेकडो सायकली शेजारी टांगलेल्या असतात आणि नव्याने शोधायला गेलात तर घड्याळ शेजाऱ्याचा पॉवर मीटर पकडू शकते. एकदा जोडलेला सेन्सर रॅकवर झोपी जातो, पण तुम्ही पेडल मारल्यावर काही सेकंदांत पुन्हा जोडला जातो. पडद्यावर क्षणभर रेघा दिसल्या तर घाबरू नका. पॉवर मीटरचे शून्य सकाळी सायकल रॅकला लावण्याआधी, साध्या ‘बाइक’ नोंदीत जाऊन सेन्सरच्या मेनूतून करून घ्या. वेगाचा सेन्सर असेल आणि चाकाचा घेर हाताने भरायचा असेल तर ७०० × २५ टायरला २१०५ मिलिमीटर, ७०० × २८ ला २१३६.

खाण्यापिण्याचे इशारे ही या घड्याळाची दुर्लक्षित सोय. सायकलच्या सेटिंग्जमध्ये दर २० मिनिटांनी वाजणारा वेळेचा इशारा लावा. दोन ते अडीच तासांच्या शर्यतीत तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात आणि ती पोटात घालायची जागा सायकल हीच आहे, कारण दुसऱ्या धावेत पोट काही स्वीकारत नाही. आपल्या हवेत तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि त्यात मीठ. भूक-तहान लागायची वाट पाहणारा उशीर करतो, म्हणून इशारा.

सरावात मल्टिस्पोर्टचा उपयोग शर्यतीपेक्षाही जास्त होतो. ब्रिकसाठी, म्हणजे सायकल आणि लागलीच धाव अशा जोडसरावासाठी, वेगळी नोंद बनवा. हंगामाच्या सुरुवातीला तासभर निवांत सायकल आणि लगेच १५–२० मिनिटे धाव पुरते. पुढे ८ किलोमीटर सायकल शर्यतीच्या जोरावर आणि लगेच १.५ किलोमीटर धाव, असे तीन फेरे. यात बटणाची सवय आणि बूट बदलणे दोन्ही आपोआप होते. शर्यतीच्या सुमारे तीन आठवडे आधी ५–३०–३ पूर्ण क्रमाने, शर्यतीचेच बूट, शर्यतीचेच खाणे, शर्यतीचीच वेळ. जून ते सप्टेंबर पावसात सायकल घरातल्या ट्रेनरवर घ्यावी लागते. तेव्हा बाइकऐवजी ‘बाइक इनडोअर’ घालून वेगळी मल्टिस्पोर्ट नोंद ठेवावी, म्हणजे घड्याळ भिंतींमध्ये उपग्रह शोधत बसत नाही.

नोंद वाचताना एकच तुलना आधी करा: दोन्ही धावांचा सरासरी पेस. दुसरी धाव पहिलीपेक्षा किलोमीटरमागे १५–२० सेकंदांहून जास्त मंदावली असेल तर पहिली धाव किंवा सायकल जास्त झाली, हा ढोबळ पण उपयोगी ठोकताळा. कोणती, हे ठोक्यांवरून कळते. पहिल्या धावेतच ठोके थ्रेशोल्डच्या वर गेले असतील तर चूक तिथे. धाव नीट आणि सायकलच्या पॉवरमध्ये चढांवर सुळके दिसत असतील तर सायकलवर. गार्मिन कनेक्ट ॲपवर सगळे टप्पे एका नोंदीखाली दिसतात. स्ट्राव्हावर धाव, सायकल, धाव सुट्या नोंदी होऊन जातात, त्यामुळे विश्लेषण कनेक्टवरच करावे. घड्याळ ५ आणि १० किलोमीटरच्या वेळेचा जो अंदाज सांगते तो ताज्या पायांच्या धावेचा असतो. दुसऱ्या धावेचे लक्ष्य त्यावरून ठरवू नका.

नकाशे यात नाहीत. मार्ग नुसत्या रेघेने दिसतो. आखलेल्या, स्वयंसेवक उभे असलेल्या शर्यतीत नकाशा लागत नाही. सकाळी उठल्यावर तुम्ही सरावाला किती तयार आहात हे सांगणारे ‘ट्रेनिंग रेडिनेस’ २६५ मध्ये आहे, यात नाही. रात्रीच्या हृदयगतीतील चढउतारांवर आधारलेले एचआरव्ही स्टेटस मात्र आहे आणि तेवढ्याने भागते. कोरोस पेस ३ हलके आहे, बॅटरीही भरपूर, पण ते सेन्सर फक्त ब्लूटूथवर घेते. घरात जुने, केवळ एएनटी प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीवर चालणारे सेन्सर असतील तर ते जोडले जाणार नाहीत. २५५ दोन्ही घेते.

देखभालीत मागच्या चार्जिंगच्या चार पिनांकडे लक्ष द्या. घामाचे मीठ तिथे साचते, ओल्या पिनांवर केबल लावली की त्या काळ्या पडतात आणि पुढे चार्जिंग अडते. प्रत्येक सरावानंतर घड्याळ नळाखाली धरा, पुसा, पूर्ण कोरडे झाल्यावरच केबल लावा. हवेच्या दाबाच्या सेन्सरचे भोक घामाने बुजले तर उंचीचे आकडे भरकटतात. तिथेही कोमट पाणीच, टाचणी घालू नये.

वापरलेले घेत असाल तर विकणाऱ्याने घड्याळ स्वतःच्या गार्मिन खात्यातून काढले आहे याची खात्री करा. चार्जिंगला लावून पिना पाहा. जिन्याने चार मजले चढून उंची बदलते का ते पाहा. आणि पैसे देण्याआधी तिथेच धाव-सायकल-धाव नोंद बनवून लॅपचे बटण ओल्या बोटाने सलग दाबून पाहा. ते अडखळत असेल किंवा एका दाबात दोनदा लागत असेल, तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.